ऐनाच्या सालीचा ब्राऊन बेल्ट

पोलादपूरकडच्या एका मुलीने घरी रंगवलेला बोगस ब्राऊन बेल्ट बांधून छात्रदलाच्या समारंभात मिरवलं आणि भर मंडपात तिची फजिती झाली, ही गोष्ट महाडात ज्यांनी ऐकली असेल त्यांतल्या निम्म्यांनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे. शिक्षकांच्या खोलीत, सहलीच्या बसमध्ये, कुणाच्या निरोप समारंभानंतर वडे खाताना मी ती हमखास सांगत असे. मुलीचा वाडीवरचा हेल काढून दाखवायचो, तिच्या बापाने हात कसे जोडले त्याची नक्कल करायचो, आणि लोक हसले की मला चहा जास्त गोड लागायचा. खरी गोष्ट मात्र मी इतकी वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही. आता साठीला टेकलो, नोकरी संपली, माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही, तेव्हा कुठे धीर आला आहे. ह्याला धीर म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणत नाही.

तेव्हा मी महाडला मावशीकडे राहत होतो. आमचं घर तुडीलला, सावित्रीच्या काठी. पण कॉलेजसाठी रोजची ये-जा नको म्हणून वडिलांनी मला मावशीच्या गळ्यात टाकलं होतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी दोनदा आपटलो होतो आणि तिसऱ्यांदा बसायची माझी तयारी नव्हती. घर दोन खोल्यांचं. मागे परसू, परसात पाणी तापवायचं चुलाण आणि एक शेवगा. काका एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांच्या शर्टाला कायम एक आंबट, घसा खवखवणारा वास असायचा आणि मावशी तो शर्ट बाकीच्या कपड्यांत कधी मिसळायची नाही. रात्रपाळी असली की काका दिवसा झोपत, आणि मग सगळं घर कुजबुजत बोलायचं. कराटेत ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. मी परसात सराव करताना तोंडावर हात धरून ओरडत असे. काकांनी एकदा एक डोळा उघडून विचारलं, "उलटी होतेय का रे?" आणि परत झोपले. दुपारी पाळीचा भोंगा झाला की मावशी कुळथाचं पिठलं चुलीवरून उतरवायची, तांदळाची भाकरी, शेजारी सुकटीची चटणी, आणि मला वाढताना दर वेळी तोच प्रश्न, "हात-पाय झाडून पोट भरतं का रे कुणाचं?" माझ्या मते मावशी अडाणी होती. मी ग्रीन बेल्ट होतो.

ज्या दलात मी हा ग्रीन बेल्ट कमावला, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता त्याचं नाव घेतलं की महाडातले लोक डोळे ओले करून "ते दिवस" वगैरे बोलू लागतात. ते दिवस मी पाहिले आहेत. एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी खाकी चड्डीतली पोरं जमायची, शिट्टीवर सावधान-विश्राम करायची, मग चड्डीवरच पांढरा सदरा चढवून कराटे. कवायत कुणालाच नको असे. सगळे यायचे ते बेल्टसाठी. व्हिडिओवर मारामारीचे सिनेमे बघून प्रत्येक घरातल्या पोराला हवेत लाथ मारायची होती आणि प्रत्येक आईबापाला आपल्या पोराच्या कमरेला शेजाऱ्याच्या पोरापेक्षा गडद रंग हवा होता. आमचे सर स्वतःला सेन्साय, म्हणजे जपानीत गुरू, म्हणवून घेत. मावशी त्यांना शेणसाय म्हणायची, आणि मला तेव्हा राग यायचा. सर मुंबईला काही वर्षं राहून आले होते. तिथे ते काय करत हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या काळ्या पट्ट्यावर सोनेरी दोऱ्याने काहीतरी जपानी लिहिलेलं होतं आणि ते वाचता येणारा महाडात कुणी नव्हता, हे त्यांचं सगळ्यात मोठं नशीब. लढून दाखवा म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका; ती शिकवताना सर मध्येच विसरायचे, आणि विसरले की सगळ्या वर्गाला बैठका काढायला लावायचे. आमच्या दलातल्या पोरांच्या मांड्या तालुक्यात सगळ्यात दणकट होत्या. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोकांची रीघ लागायची, रस्ते भरून जायचे आणि त्या आठवड्यात वर्ग बंद असायचा. तेवढाच आठवडा सर निवांत दिसत.

ह्या सरांचा मी उजवा हात होतो. म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, उशिरा येणाऱ्यांचे कान पकडणं, आणि बेल्ट रंगवणं. बेल्टचं गुपित असं होतं. वर्षातून दोनदा परीक्षा व्हायची, तिला ग्रेडिंग म्हणत. ग्रेडिंग झालं की सर सगळ्यांचे बेल्ट जमा करून घेत. "हे आता मुंबईला मुख्यालयात जातील, तिथून मंजूर होऊन येतील," असं ते दर वेळी छाती काढून सांगत. मुख्यालय म्हणजे मावशीचं परसू. रंगाच्या दुकानातून पुड्या आणायच्या, चुलाणावर टोपात पाणी उकळायचं, मूठभर मीठ, आणि एकेक बेल्ट लाकडाने ढवळायचा. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा हिरवा. त्याच बेल्टवर पुढचा रंग चढत जायचा. हिरव्यानंतर खरं म्हणजे निळा असतो, पण आमच्या हिरव्यावर निळा चढवला की शेवाळासारखा काहीतरी व्हायचा, म्हणून सरांनी तो रंगच दलातून काढून टाकला. जपानने ठरवलेली पायरी महाडात रंग नीट बसत नाही म्हणून रद्द झाली, आणि एकाही पालकाने विचारलं नाही. एकदा मी टोप नीट घासला नाही. दुसऱ्या दिवशी भात हिरवट आला. मावशीने ताट काकांसमोर ठेवलं, काका भात चिवडत म्हणाले, "कंपनीतनं सुटून घरी यावं तर घरात पण कंपनीच." मावशीने तो टोप मला कायमचा देऊन टाकला. त्या टोपातून निघालेल्या बेल्टांवर अर्ध्या महाडाची अब्रू टांगलेली होती.

मंदा आली ती ह्या सगळ्याला मुख्यालयच समजून. तिची वाडी आंबेनळी घाटाच्या वाटेवर रस्ता सोडून वर, डोंगराच्या खांद्यावर. सात-आठ घरं, म्हशी, थोडी भातशेती, थोडी नाचणी, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईत. मंदा रोज खाली उतरून पोलादपूरच्या शाळेत यायची आणि रविवारी एसटीने महाडला. दहावीत होती. दहावी झाली की तिला मुंबईला मामाकडे धाडायचं, मामीची पोरं सांभाळायला, असं घरात ठरल्यासारखं होतं. पण त्या वर्षी जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात आमच्या दलाला एक जागा मिळाली होती. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शिक्षण. अट एकच, कॅडेट ब्राऊन बेल्ट हवा. सरांनी हे जाहीर केलं त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडे आली.

"दादा, तिकडं खरंच बारावीपर्यंत शिकवतात?"

"हो."

"आनि घरी परत नाय पाठवत?"

"नापास झालीस तर पाठवतील."

"मंग सांगा कुनाला पाडायचंय," ती म्हणाली, "मी पाडते."

आणि तिने पाडलं. ग्रेडिंगला तिच्यासमोर आला तो विकी, दलाच्या अध्यक्षांचा मुलगा. अध्यक्षांना सगळे शेठ म्हणत; ठेकेदार होते, नव्या इंग्रजी शाळेच्या कमिटीवर होते, आणि मैदानाला पाणी त्यांच्या टँकरचं यायचं. विकीने आधी दोन लाथा हवेत मारल्या, सिनेमात मारतात तशा. मंदाने तिसऱ्या लाथेची वाट बघितली आणि त्याच्या पोटात एकच ठोसा दिला. नियमात बसणारा, स्वच्छ ठोसा. विकी खाली बसला आणि त्याने आईला हाक मारली. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काता मंदाने न चुकता केला, सरांना स्वतःलाही येत नव्हता तसा. निकालात ती पास होती, विकीही पास होता. विकी कसा पास झाला हे विचारायला मी सरांकडे गेलो नाही, कारण त्याच सुमारास इंग्रजी शाळेत खेळाचा शिक्षक नेमायचा होता, आणि सर मला म्हणाले होते, "तुझं नाव मी शेठच्या कानावर घातलंय. जरा नीट वाग."

बेल्ट जमा झाले. मंदाचा हिरवा बेल्ट मात्र सरांनी तिला परत दिला. "तुझा नंतर," म्हणाले. मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. समारंभात शेठच्या हस्ते विकीला तालुक्यातला पहिला ब्राऊन बेल्ट बांधायचा होता. पहिला म्हणजे एकच. मंदाचं नंतर बघू. वसतिगृहाची नावं समारंभाच्या दिवशीच जाणार होती, तेव्हा ह्या "नंतर"चा अर्थ मला कळत होता. मी मान डोलावली.

समारंभाच्या आधी वाडीवाडीतल्या कॅडेटना निरोप द्यायला सरांनी मला पोलादपूरकडे पाठवलं. मंदाच्या वाडीवर पोचेपर्यंत दुपार झाली. तिच्या बापाचं नाव गणपत. बुटका, काटक माणूस. मी दिसताच त्याने अंगणातली म्हैस हाकलून माझ्यासाठी घोंगडी अंथरली, जणू कलेक्टर आला होता. आईने नाचणीची भाकरी, लोणी आणि माशांचं कालवण वाढलं. मासे गणपतकाकांनी त्याच सकाळी ओढ्यात जाळं टाकून धरले होते. म्हैस व्यालेली होती, म्हणून वर खरवस. मी तीनदा मागून घेतला. खाताना मला कुणी इतका मान कधी दिला नव्हता, आणि मान मिळाला की माझी जीभ सुटते, हा माझा जुना आजार.

"दादा, पोरगी पास झाली, मंग पट्टा हिरवाच कसा?" गणपतकाकांनी विचारलं.

"रंगवायचा राहिलाय," मी म्हणालो.

"रंगवायचा?" मंदा म्हणाली. "मुंबैला जातात ना?"

मी हसलो. भरल्या पोटी माणूस हसतो तसा. "कुठली मुंबई! आमच्या मावशीच्या टोपात जातात. मीच रंगवतो सगळे."

दोघं बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. मग गणपतकाकांचा चेहरा उजळला. "अरे, रंगच द्यायचाय व्हय! मंग येवढ्यासाठी पोरगी आठ दिस रडतेय? आमी जाळी रंगवतो ना ऐनाच्या झाडाच्या सालीत. कुजत नाय, उडत नाय. असा तपकिरी बसतो, बघा." त्यांनी वळचणीला टांगलेलं जाळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. रंग खरोखर सुंदर होता. "चालंल का, दादा?"

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान खरं कारण सांगायला हवं होतं, की रंग अडलेला नाही, शेठचा पोरगा अडलेला आहे. पण ते सांगितलं असतं तर त्या घोंगडीवर माझी किंमत काय राहिली असती? मी म्हणालो, "चालेल की. ती पास झालेली आहे. रंग कुठल्या टोपातला, ह्याला काय करायचंय?" आणि पुढे मोठ्या माणसासारखं हेही म्हणालो, "खुशाल बांधून ये समारंभाला. मी आहे तिथे." त्यांनी माझ्यासमोर साल कुटायला घेतली. निघताना गणपतकाका घाटरस्त्यापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी माझ्या पिशवीत खरवसाचा डबा घातला. महाडला येईपर्यंत मी सगळा प्रकार विसरूनही गेलो होतो. मावशीने खरवस खाल्ला, म्हणाली, "कुणाच्या घरचा रे? चांगली माणसं दिसतात."

समारंभाला मैदानावर मंडप, लाल कापड, भाड्याच्या खुर्च्या, कर्णा. पुढच्या रांगेत शेठ, बाजूला त्यांच्या मिसेस, हातात हार घेऊन बसलेल्या, आपल्याच मुलाला घालायला. आदल्या दिवशी विकीचा बेल्ट मी रंगवला होता. पुडीतला ब्राऊन कुठे लालसर, कुठे मातकट आला होता. बेल्ट ओला फडका वाटत होता आणि माझ्या नखांत तो रंग अजून होता. कॅडेट रांगेने आत आले. मुलींच्या रांगेत मंदा. तिच्या कमरेला असा तपकिरी बेल्ट होता की नजर त्याच्यावरच जात होती. सारखा, खोल, एकही डाग नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या दलातून मी पाहिलेला तेवढा एकच बेल्ट बेल्टसारखा होता.

आधी शेठनी पाहिलं. "अहो सर," ते मोठ्याने म्हणाले, "विकी पहिला म्हणालात ना? एक इथे आधीच बांधून उभी आहे की!" मागच्या खुर्च्यांत हशा झाला. सर हातातला माइक तसाच घेऊन तरातरा मुलींच्या रांगेकडे गेले. कर्णा चालू होता, त्यामुळे पुढचं सगळं साऱ्या मंडपाला ऐकू आलं.

"कुठून आणलास हा बेल्ट?"

"घरी रंगवला, सर."

"घरी! ऐकलंत शेठ? घरी रंगवला! उद्या ही घरी डॉक्टर होईल!" सरांना लढता येत नव्हतं, पण माइक हातात असला की ते शूर होत. लोक आणखी हसले. "कुणी सांगितलं तुला हा उपद्व्याप करायला?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. "दादांनी सांगितलं. ते घरी आले होते तवा."

सर वळले. शेठ वळले. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. सरांनी विचारलं, "काय रे? तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगीन, सर?" मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला आणखी एक वाक्य सुचलं आणि मी ते बोललो. "मुख्यालयाचे बेल्ट काय चुलीवर रंगतात का?"

मोठा हशा झाला. शेठसुद्धा हसले. मला आठवतं, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. मंदा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या नखांकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. टोप, परसू, मीठ, सगळं मीच तर फुशारकीने सांगितलं होतं. तिने एक शब्द काढला असता तर सरांचं दुकान तिथल्या तिथे बसलं असतं आणि त्याच्याबरोबर मीही. ती बोलली नाही. का, ते मला आजही माहीत नाही. मला वाचवलं असेल, किंवा माझ्याशी बोलणं तिला आता कमीपणाचं वाटलं असेल. दुसरं असावं, असं मला वाटतं.

मग मंडपाच्या कडेने गणपतकाका पुढे आले. धुतलेली टोपी, पायात नव्या चपला, त्यांची सवय नसल्यामुळे पावलं जपून टाकत. "सायेब," ते सरांना म्हणाले, "रंग मी दिला. पोरीचा काय दोष नाय. ह्या दादानं चालंल म्हनून सांगितलं म्हनून दिला." आणि माझ्याकडे वळून, अगदी भरवशाने, "दादा, सांगा की ह्यांना. तुमी व्हता ना तवा? भाकरी खाल्ली आपन."

मी त्यांच्याकडे पाहून, शिकलेला माणूस अडाण्याला समजावतो त्या आवाजात म्हणालो, "काका, तुमची समजण्यात गडबड झाली. मी म्हटलं, रंग द्यायचा राहिलाय, तो मुंबईत देतील. तुम्ही घरीच देऊन मोकळे झालात."

माझ्याकडे बघत गणपतकाकांनी खरोखरच आठवून पाहिलं. एक माणूस स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढून घेताना मी पाहिला. मग ते म्हणाले, "आसंल. दादा म्हनतात तर आसंल. मी अडानी मानूस." आणि त्यांनी हात जोडले, आधी सरांना, मग शेठना, मग मला. "चुकलं, सायेब. माफ करा."

ह्याच जोडलेल्या हातांची नक्कल मी पुढे वीस वर्षं करत राहिलो.

सरांनी मंदाला बेल्ट सोडायला लावला. तिने तो स्वतःच सोडला, घडी घातली आणि सरांच्या हातात न देता बापाच्या हातात दिला. मग विकीला हार घातला गेला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्या फोटोत मी विकीच्या मागे उभा आहे, छाती काढून. वसतिगृहासाठी विकीचं नाव गेलं. महिन्याभरात तो परत आला, तिथली आमटी पातळ असते म्हणून. जागा वर्षभर रिकामी राहिली. मला इंग्रजी शाळेत नोकरी लागली, पुढे कायम झालो. सरांचं दल दोन-तीन वर्षांत बंद पडलं. सर पुन्हा मुंबईला गेले आणि तिथे त्यांचा गुडघा कुठल्या कामाला आला ते देव जाणे. मंदा दहावीची परीक्षा देऊन मामाकडे गेली, हे मला एसटीत भेटलेल्या तिच्या गावच्या एका मुलाने सांगितलं. मी "हो का?" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागलो. मावशीला मात्र कुठून तरी वास लागला होता. एकदा वाढताना तिने विचारलं, "खरवसवाली माणसं परत नाही आली रे कधी?" मी म्हणालो, "कामं असतात त्यांना." तिने पुढे काही विचारलं नाही, पण त्यानंतर हात-पाय झाडण्यावरूनही ती मला कधी बोलली नाही. तिच्या न बोलण्यापेक्षा मला ते बोलणं परवडलं असतं.

दहा-पंधरा वर्षं गेली. मी लग्न केलं, मुलं झाली, शाळेत मला पोरं घाबरू लागली. आणि एका शिमग्याला, का कोण जाणे, मी मंदाच्या वाडीवर गेलो. शिमग्याला सगळी मुंबई डोंगरावर येते, तेव्हा ती सापडेल असा माझा अंदाज होता. एक वाक्य मी मनात तयार केलं होतं. छोटं होतं, मुद्दाम छोटं केलं होतं, म्हणजे मध्येच कच खाता येणार नाही.

वाडीपर्यंत आता जीप जात होती. देवाची पालखी नुकतीच अंगणातून पुढे गेली होती, ढोल खालच्या घरांपाशी वाजत होता. मंदाचा भाऊ पुढे आला, मुंबईचा शर्ट, गळ्यात गॉगल. "आओ सर, बसा. टेन्शन नाय, जेवन रेडी हाय." गणपतकाका ओट्यावर बसले होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. "कोन आलंय रे?" मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुढे करून माझा हात शोधला. "दादा व्हय! बसा, बसा. गो मंदे, बघ कोन आलंय. दादांना पानी दे."

मंदा आतून आली. जाड झाली होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं. कांदिवलीला चार घरी पोळ्या-भाकरी करते, असं भावाने सांगितलं. तिने मला ओळखायला वेळ लावला नाही. पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत वळून हाक मारली. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. "सरांच्या पाया पड," ती म्हणाली. "माझे सर आहेत हे. ह्यांच्याकडे मी कराटे शिकले." मुलगा वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय करायला हवं होतं? हात मागे घेतला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मग पुरणपोळी आली, दूध आलं, आणि मी जेवलो. पुन्हा एकदा त्यांच्या घरी बसून जेवलो.

निघालो तेव्हा ती जीपपर्यंत आली. भाऊ मागे राहिला, मुलगा पालखीमागे पळाला. ड्रायव्हर बिडी ओढत कठड्याशी उभा होता. आम्ही दोघंच होतो. मी जीपच्या दाराला हात लावून थांबलो, आणि तीही थांबली. ती पदराला हात पुसत उभी होती. तिला घाई नव्हती. मी का आलोय ते तिला मी अंगणात पाऊल ठेवलं तेव्हाच कळलं होतं, ह्याबद्दल मला काडीची शंका नाही. खाली ढोलाचा ठेका बदलला, मग थांबला.

"बोला ना, सर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. "मुलाला नीट शिकव," मी म्हणालो. "अर्धवट सोडू नकोस शिक्षण."

तिने माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि वर घराकडे चालू लागली.

मंदा, मी खोटं बोललो, काकांना सगळं नीट समजलं होतं. एवढंच ते वाक्य होतं. ती अंगणात पोचेपर्यंत ते म्हणायला पुरेसा वेळ होता. मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चला."